डिस्कला झोपू कोण देत नाही?

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात, वरच्या मजल्यावर जिना संपतो तिथल्या फडताळात एक जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू असतो. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. छोट्या एसएसडीवर (न फिरणाऱ्या, बिनआवाजाच्या डिस्कवर) डेबियन ही लिनक्सची सिस्टीम आणि त्यावर घरचा सर्व्हर सांभाळणारं ओपनमीडियाव्हॉल्ट, शिवाय ४-४ टीबीच्या दोन साध्या साडेतीन इंची हार्ड डिस्क. मुलगा त्याला ‘सर्व्हर’ म्हणतो. सासरे ‘तुझं ते डबडं’ म्हणतात, आणि त्या डबड्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच आहेत.

डबडं वर ठेवण्याचं कारण सांगलीकरांना सांगायला नको. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या खालच्या खोलीतल्या कपाटातले फोटोंचे अल्बम एकमेकांना चिकटून लगदा झाले. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन रात्र-रात्र बसून त्यांनी भरलेल्या. पूर ओसरल्यावर त्या कॅसेटी आणि उरलेसुरले फोटो कॉम्प्युटरवर उतरवायला घेतले, आणि जागेचा हिशेब सुरू झाला. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला दहा एमबीच्या वर जागा खातो, म्हणजे ९० मिनिटांच्या एका कॅसेटीला साधारण साडेनऊशे एमबी. पेनड्राइव्हवर भागणारं काम नव्हतं.

म्हणून हा सर्व्हर. पहिल्या डिस्कवर गाणी, फोटो, घरची कागदपत्रं. दुसरीवर पहिलीची रोज रात्री दोन वाजता निघणारी प्रत. रेड, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिण्याची सोय, मुद्दामच केलं नाही. रेडमध्ये चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून एकदम पुसली जाते, त्याला मी बॅकअप म्हणत नाही. शिवाय रेडमध्ये एक डिस्क उठली की दुसरीही उठते, आणि मला तर दुसरी दिवसभर झोपलेली, म्हणजे फिरायची थांबलेली, हवी होती.

का हवी होती? विजेचं बिल हे कारण लोक पहिलं सांगतात. माझ्या दृष्टीने ते शेवटचं. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत असताना चार-पाच वॅट घेते, झोपली की एक वॅटच्या आत. फरक समजा चार वॅटचा, तर महिन्याला तीन युनिटही होत नाहीत. तेवढ्यासाठी कोणी रात्री जागत नाही. खरी कारणं दोन. एक म्हणजे फडताळ आमच्या झोपायच्या खोलीला लागून आहे आणि रात्री गल्ली शांत झाली की डिस्कची घरघर भिंतीतून येते. दुसरं, एप्रिल-मेमध्ये त्या बंद फडताळात डिस्कचं तापमान ५० अंशांच्या आसपास जातं. जी डिस्क दिवसातून अर्धा तास काम करते, तिने उरलेला सगळा वेळ त्या भट्टीत फिरत का राहायचं?

ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये सेटिंग सोपं आहे. डिस्क निवडायची, किती मिनिटांनी फिरणं थांबवायचं ते निवडायचं, जतन करायचं. दोन्ही डिस्कना २० मिनिटं दिली. सकाळी पाहिलं तर दोन्ही जाग्या. पुढचे बरेच दिवस जाग्याच.

इथे पहिली अडचण अशी की डिस्क झोपली आहे का, हे विचारण्याच्या काही पद्धतीच तिला उठवतात. तापमान बघावं म्हणून स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची, माहिती मागितली की झोपलेली डिस्क फिरायला लागते. मग तुम्ही म्हणता, ही तर जागीच आहे. त्यामुळे विचारायचं ते एचडीपार्म या कमांडला मोठ्या लिपीतला सी लावून. ती फक्त पॉवरची अवस्था विचारते. उत्तर ‘ॲक्टिव्ह/आयडल’ आलं तर फिरते आहे, ‘स्टँडबाय’ आलं तर थांबली आहे. स्मार्टची माहिती मागणारी स्मार्टसीटीएल कमांडच वापरायची असेल तर तिला ‘-एन स्टँडबाय’ हा पर्याय द्यावा, म्हणजे झोपलेली डिस्क दिसली की ती कमांड काही न विचारता तिथेच थांबते.

दुसरं काम, डिस्क झोपू शकते का हे हाताने बघणं. एचडीपार्मला छोटा वाय लावला की डिस्क त्याच क्षणी थांबते. मी फडताळ उघडून कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि कमांड दिली. आधी डिस्कवरचं वाचणारं-लिहिणारं हेड जागेवर गेल्याची बारीक टक्, मग घरघर उतरत-उतरत पाच-सहा सेकंदांत संपली आणि हाताखालची थरथर गेली. दुसऱ्या डिस्कलाही तेच. म्हणजे डिस्कमध्ये दोष नव्हता.

मग दर मिनिटाला दोन्ही डिस्कची अवस्था वेळेसकट लिहून ठेवणारी चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेला, लावली. ती फाईल अर्थात रॅममध्ये. ज्या डिस्कवर पाळत ठेवायची तिच्यावरच नोंदवही ठेवली तर काय होईल ते सांगायला नको. दिवस-रात्र नोंदी जमू दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचल्यावर चित्र स्वच्छ झालं. बॅकअपची डिस्क आदल्या सकाळी हाताने झोपवली होती, ती दिवसभर झोपलेलीच होती. पण रात्री दोनला बॅकअपसाठी उठली की नंतर आपली आपण काही झोपत नव्हती. गाण्यांची डिस्क उलट: हाताने झोपवली की काही मिनिटांत कोणीतरी उठवत होतं.

हा फरक कळेपर्यंत सेटिंगं बदलण्यात अर्थ नसतो असं माझं मत झालंय. ‘झोपत नाही’ ही एक तक्रार, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एकतर किती वेळ काम आलं नाही ते मोजणारं डिस्कच्या आतलं घड्याळ शेवटपर्यंत पोचत नाही, किंवा पोचतं आणि बाहेरून कोणीतरी काम सांगतं. उपाय पूर्ण वेगळे. लोक मात्र सगळे उपाय एकदम करतात आणि मग कशाने गुण आला ते कळत नाही.

बॅकअपची डिस्क आधी घेतली. लिनक्समध्ये डिस्कस्टॅट्स नावाची एक फाईल असते, तिच्यात प्रत्येक डिस्कवर किती वाचलं, किती लिहिलं याचे आकडे चालू असतात. बॅकअप संपल्यावरचे आकडे आणि सकाळचे आकडे ताडून पाहिले, एकाचाही फरक नाही. म्हणजे रात्रभर त्या डिस्कवरून कोणी एक अक्षर वाचलेलं नाही, तरी ती फिरतेय. ही खूण महत्त्वाची. स्मार्टची चौकशी थेट ड्राइव्हला पाठवली जाते, ती वाचन-लेखनाच्या हिशेबात धरली जात नाही. पण काही ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, अशा चौकशीलाही काम समजतं आणि झोपेचं घड्याळ पुन्हा शून्यावर नेतं.

स्मार्ट तपासणारा स्मार्टडी माझ्याकडे दर १८०० सेकंदांनी, म्हणजे अर्ध्या तासाने धावत होता. घड्याळ २० मिनिटांचं. त्याच्यामुळे अडायला नको होतं. मग आणखी कोण? कॉकपिट नावाचं व्यवस्थापनाचं पान मी या यंत्रावर टाकलं होतं, आणि त्याच्या स्टोरेजच्या भागाबरोबर युडिस्क्स२ ही सेवा आली होती. ती दर दहा मिनिटांनी डिस्कचं स्मार्ट वाचते. गंमत म्हणजे ती सभ्य आहे: झोपलेल्या डिस्कला उठवत नाही. पण डिस्क झोपायला २० मिनिटं शांतता हवी आणि ही दर दहा मिनिटांनी विचारणार, बाई, बरी आहेस ना? डिस्क जागी आहे म्हणून ती विचारते, आणि ती विचारते म्हणून डिस्क जागी राहते. हाताने झोपवल्यावर ती दिवसभर झोपून का राहिली, तेही यातून सुटलं.

डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह लावला की आपोआप दिसावा यासाठी युडिस्क्सचा उपयोग आहे. फडताळातल्या यंत्राला त्याची गरज नाही. सेवा बंद करून मास्क केली, म्हणजे ती पुन्हा सुरूच होऊ नये असं केलं, झोपेचं घड्याळ दहा मिनिटांवर आणलं. त्या रात्रीच्या नोंदीत बॅकअप संपल्यावर बरोबर दहा मिनिटांनी ‘स्टँडबाय’ आलं आणि मग खालपर्यंत सगळ्या ओळी तशाच. नियम एवढाच की कोणतीही स्मार्ट-चौकशी घड्याळापेक्षा जास्त अंतराने व्हावी. ज्यांना युडिस्क्स हवीच आहे त्यांनी घड्याळ पाच मिनिटांवर ठेवावं.

या घड्याळाचे आकडे मात्र विचित्र आहेत. एचडीपार्मला मोठ्या एससोबत १ ते २४० पर्यंतचा आकडा दिला तर तो पाच-पाच सेकंदांच्या पटीत धरला जातो. म्हणजे १२० म्हणजे दहा मिनिटं आणि २४० म्हणजे वीस. त्याच्या पुढे २४१ म्हणजे एकदम अर्धा तास, २४२ म्हणजे एक तास, असं २५१ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने. शून्य दिला की घड्याळ बंद. साठ मिनिटं हवीत म्हणून ६० लिहिणाऱ्याची डिस्क पाच मिनिटांत झोपते, आणि मग तो डिस्क खराब आली म्हणून दुकानात भांडायला जातो.

आता गाण्यांची डिस्क. इथे डिस्कस्टॅट्सचे आकडे हलत होते, म्हणजे खरंच कोणीतरी वाचत-लिहीत होतं. कोण, हे सांगायला फॅट्रेस नावाचं एक छोटं साधन आहे. कुठली प्रक्रिया कुठली फाईल उघडते, वाचते, लिहिते, ते वेळेसकट ओळीने दाखवतं. त्या डिस्कच्या फोल्डरमध्ये उभं राहून छोटा सी दिला की फक्त तिथलंच दाखवतं, नाहीतर एसएसडीवरच्या लॉगचा पूर येतो. रात्रभर चालू ठेवलं, नोंद अर्थातच एसएसडीवर.

सकाळी पहिल्याच पानावर पोस्टग्रेस. फोटोंसाठी जे ॲप डॉकरमध्ये, म्हणजे स्वतंत्र डब्यात (कंटेनरमध्ये), चालवते त्याचा डेटाबेस. फोटो मोठे म्हणून सगळं ॲप गाण्यांच्या डिस्कवर ठेवलेलं, आणि डेटाबेसही त्याच फोल्डरात. घरात कोणी फोटो बघत असो-नसो, ते ॲप आपली कामं ठरावीक वेळाने तपासतं आणि डेटाबेस त्याच्या नोंदी ठेवतो. डेटाबेसचा आकार पाहिला, काही शे एमबी. कंटेनर बंद करून तो एसएसडीवर हलवला, फोटो होते तिथेच ठेवले. या एका बदलाने निम्म्याहून जास्त ओळी गेल्या.

त्याच सुमारास कोण किती वाचतं-लिहितं ते दाखवणारं आयओटॉप लावून बघत होते, तर सगळ्यात वर सारखं ‘जेबीडी२’ दिसायचं. हे नाव शोधलं की खूप लोक त्यालाच गुन्हेगार ठरवून बसलेले आढळतात. जेबीडी२ म्हणजे ईएक्सटी४ या फाईलसिस्टीमचं, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतीचं, जर्नल (बदलांची नोंदवही) लिहिणारा धागा. तो तहसील कचेरीतल्या आवक-जावक कारकुनासारखा, कागद कोणी दुसऱ्यानेच आणलेला असतो, हा फक्त नोंद करतो. त्याला बंद करायला जाण्यापेक्षा कागद कोण आणतंय ते शोधावं. आमच्याकडे पोस्टग्रेस हललं आणि जेबीडी२ आपोआप गप्प झालं.

नवी डिस्क ईएक्सटी४मध्ये फॉरमॅट केली असेल तर आणखी एक नाव दिसतं, ‘ईएक्सटी४लेझीइनिट’. फॉरमॅट पटकन आटोपावं म्हणून आयनोडची, म्हणजे फाईलींच्या माहितीची, टेबलं तेव्हा रिकामी न करता नंतर मागच्या मागे केली जातात. मोठ्या डिस्कवर हे बराच काळ चालतं. त्याला काही करायचं नाही, संपू द्यायचं. नवी डिस्क घेतल्या-घेतल्या ‘झोपत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचं उत्तर एवढंच असतं.

मग राहिल्या किरकोळ गोष्टी, ज्या एकेकट्या किरकोळ पण मिळून रात्रभर डिस्क जागवतात. मीडिया सर्व्हर म्हणून जेलीफिन आहे. त्याचं ठरावीक तासांनी लायब्ररी चाळण्याचं काम आणि व्हिडिओतून चित्रं काढण्याचं काम, दोन्ही रात्री दोनच्या बॅकअपला जोडून दिली. डिस्क उठलेलीच असते तेव्हा काय करायचं ते करा. फाईली शोधण्यासाठी लोकेट टाकलेलं होतं, ते रोज सगळी झाडाझडती घेतं. त्याच्या वगळण्याच्या यादीत सगळ्या डेटा डिस्क ज्याच्याखाली येतात तो ‘एसआरव्ही’ फोल्डर घातला. डेबियनची रोजची क्रॉनची कामं सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी सुटतात, तीही एकदा डोळ्यांखालून घातली, पण त्यात डिस्कला हात लावणारं काही निघालं नाही.

माउंटच्या, म्हणजे डिस्क सिस्टीमला जोडतानाच्या, पर्यायांत ‘नोएटाइम’ घातलं. हे लोकांना पटकन पटत नाही म्हणून सांगते. फाईल वाचली की ती कधी वाचली याची वेळ फाईलसिस्टीम लिहून ठेवते. हल्लीचा नेहमीचा पर्याय ‘रेलएटाइम’, त्यात हे दर वेळी होत नाही, पण दिवसातून एकदा तरी होतंच. आता समजा फाईल आधीच रॅममध्ये होती, डिस्कला न उठवता वाचता आली असती. तरी ती वाचल्याची वेळ लिहायला डिस्क उठते. घरच्या सर्व्हरवर कोणतं गाणं शेवटचं कधी वाजलं याची नोंद फाईलसिस्टीमने ठेवायची मला काही गरज वाटत नाही.

एवढं करूनही दुपारी डिस्क अधूनमधून उठायची, आणि फॅट्रेसमध्ये काहीच नाही. यावर मी सगळ्यात जास्त डोकं खाजवलं. फॅट्रेस फाईल उघडणं, वाचणं, लिहिणं दाखवतं. पण नुसतं नाव, आकार आणि तारीख विचारली तर ते त्याच्या नजरेत येत नाही. आणि ती माहिती रॅममध्ये नसेल तर आणायला डिस्क उठतेच. असं कोण विचारणार? सर्व्हरची फोल्डरं घरातल्या इतर कॉम्प्युटरना देणारी सेवा म्हणजे सांबा. तिला कोणकोण जोडलेलं आहे ते दाखवणारी कमांड चालवली, एसएमबीस्टेटस. मुलाचा लॅपटॉप. त्याने गाण्यांचं फोल्डर विंडोजमध्ये झेड ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवलेलं, आणि खिडकी उघडीच टाकून तो क्लासला गेलेला.

“आई, मी तर काहीच करत नव्हतो, नुसतं उघडं होतं.”

“तेच तर.”

त्याचा झेड ड्राइव्ह काढून टाकला, त्याऐवजी डेस्कटॉपवर साधा शॉर्टकट दिला. टीव्हीचंही तसंच निघालं. हॉलमधला टीव्ही बंद दिसत असला तरी नेटवर्कवर जागा असतो. टीव्हीला नेटवर्कवरून गाणी-व्हिडिओ दाखवणारी डीएलएनएची सेवा चालू होती तिचा कोणालाच उपयोग नव्हता, ती बंद केली.

मधल्या काळात एपीएमशीही खेळून झालं. ॲडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंटचा आकडा १ ते १२७ असेल तर डिस्कला फिरणं थांबवायची मुभा असते, १२८ ते २५४ मध्ये नसते, आणि २५५ म्हणजे एपीएमच बंद. सगळ्यात कमी वीज म्हणून गाण्यांच्या डिस्कला १ देऊन पाहिलं. त्या रात्री डिस्क जागी असताना सारखी टक्, टक्. स्मार्टमधला १९३ क्रमांकाचा गुण, लोड सायकल काउंट (हेड किती वेळा बाजूला गेलं त्याची मोजणी), सकाळपर्यंत भराभर वर गेलेला. फिरणं थांबणं आणि हेड बाजूला जाऊन बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी आकड्यावर काही ड्राइव्ह काही सेकंदांच्या शांततेतच हेड बाजूला नेतात. माहितीपत्रकात साध्या डिस्कसाठी हा आकडा साधारण तीन लाख दिलेला असतो, नासच्या, म्हणजे घरच्या-ऑफिसच्या स्टोरेज सर्व्हरसाठीच्या, डिस्कसाठी सहा लाख. मिनिटाला एकदा हेड बसलं तर दिवसाला १४४०, तीन लाख व्हायला सात महिने पुरे. आवाज घालवायला जाऊन डिस्कचं आयुष्य खर्ची घालण्यात मतलब नाही. १२७ वर ठेवलं, टकटक थांबली, झोप पूर्वीसारखीच.

सांगलीत वीजपुरवठ्याच्या देखभालीच्या दिवशी लाईट जाते-येते. इन्व्हर्टर आहे, पण त्याच्या बदलीच्या क्षणाला हा जुना डेस्कटॉप कधीकधी मान टाकतो. अशाच एका संध्याकाळनंतर माझ्या नोंदी उलट्या यायला लागल्या: बॅकअपची डिस्क जागी, गाण्यांची झोपलेली, तीही बाबांचं गाणं चालू असताना! यंत्र पुन्हा चालू होताना डिस्कना मिळणारी एसडीबी, एसडीसी ही नावं अदलाबदल झालेली. ही नावं कायमची नसतात. ‘डिस्क/बाय-आयडी’ या फोल्डरात प्रत्येक डिस्कच्या मॉडेल आणि अनुक्रमांकावरून नाव असतं, ते कधी बदलत नाही. माझ्या स्क्रिप्टपासून झोपेच्या सेटिंगपर्यंत सगळीकडे तेच घातलं. ध्यानात ठेवायची आणखी एक गोष्ट, झोपेचं घड्याळ बहुतेक ड्राइव्ह वीज गेली की विसरतात. ते दर वेळी चालू होताना पुन्हा द्यावं लागतं. ओपनमीडियाव्हॉल्ट देतं, पण हाताने एचडीपार्म चालवून बसलेल्याला दुसऱ्या दिवशी आश्चर्य वाटतं.

माझं बघून नणंदेने विश्रामबागेत तिच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला जोडलेल्या यूएसबी डिस्कवर हेच करायला घेतलं, तर एचडीपार्मचं घड्याळ तिथे चालेचना. यूएसबीच्या डब्यात डिस्कच्या साटा जोडणीचं यूएसबीत रूपांतर करणारी जी चिप असते, ती अशा कमांड पुढे पाठवेलच असं नाही. तिच्यासाठी एचडी-आयडल बरं पडलं. ते डिस्कच्या घड्याळावर विसंबत नाही. डिस्कस्टॅट्सचे आकडे स्वतः बघतं, ठरलेला वेळ हलले नाहीत की डिस्कला थांबायची सूचना देतं. खरं तर ज्या ड्राइव्हचं घड्याळ स्मार्टच्या चौकशीने शून्यावर जातं त्यांनाही हा उपाय लागू पडतो, कारण त्या चौकशीची नोंद डिस्कस्टॅट्समध्ये होतच नाही.

आता बॅकअपची डिस्क रात्री दोनला उठते, पाऊण तासाच्या आत पुन्हा झोपते. उन्हाळ्यात तिचं तापमान खोलीइतकंच. गाण्यांच्या डिस्कला मात्र मी दहा मिनिटांचं घड्याळ ठेवलं नाही. झोपलेली डिस्क फिरून तयार व्हायला आठ-दहा सेकंद लागतात, आणि चालू होताना ती क्षणभर वीस-पंचवीस वॅट ओढते. दिवसातून पन्नास वेळा ती कसरत करायला लावण्यापेक्षा ती दिवसभर फिरलेली बरी. तिला २४२ दिलंय, एक तास. दिवसा ती फारशी झोपत नाही, रात्री अकरा-साडेअकरानंतर भिंतीतली घरघर बंद होते, दोनला थोडा वेळ होते तेव्हा आम्ही गाढ झोपेत असतो. सॉकेटला लावायचं मीटर रात्री पूर्वीपेक्षा आठ-नऊ वॅट कमी दाखवतं.

बाबांचं मात्र वेगळंच सुरू झालं. ते सकाळी सहाला चहा घेऊन टीव्हीसमोर बसतात आणि त्यांच्या कॅसेटींपैकी एखादी लावतात. डिस्क रात्रभर झोपलेली. बटण दाबलं की टीव्हीवर नुसतं गोल-गोल फिरणार. त्या दहा सेकंदांत ते आणखी दोनदा बटण दाबणार, मग ॲप गोंधळून बाहेर पडणार.

“अगं, तुझं डबडं मेलं वाटतं. तोडी लागेना की.”

“बाबा, दहा सेकंद थांबा, उठतंय ते.”

“मला थांबायला लागत असंल तर त्याला झोपवलंस कशाला म्हणतो मी.”

पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी डिस्क उठवणारी एक ओळ क्रॉनमध्ये घातली. तीही सरळ निघाली नाही. आधी गाण्यांच्या फोल्डरमधली एक फाईल वाचायला सांगितली, तर पहिल्या सकाळी डिस्क उठली आणि दुसऱ्या सकाळी नाही, कारण ती फाईल तोवर रॅममध्ये जाऊन बसलेली होती. मग डीडी या कमांडला ‘डायरेक्ट’ हा पर्याय देऊन थेट डिस्कवरचा एक ब्लॉक वाचायला लावला. तो रॅमला न विचारता डिस्ककडेच जातो. सहाला बाबा बटण दाबतात तेव्हा डिस्क फिरत असते, आणि त्यांना वाटतं मी झोपवण्याचा नाद सोडून दिला.